कात्रीला धार, झाडाला आधार
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



आपल्या बागेतली जास्वंद, लिंबू, गुलाब आपण दरवर्षी छाटतो. पण बोथट कात्रीने फांदी कापली जात नाही, चेचली जाते. ती जखम लवकर भरत नाही. तिथून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून वाळत येते. म्हणून आधी धार, मग छाटणी.

काम अर्ध्या तासाचं आहे. कात्रीला चिकटलेला चीक साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडी पुसा. गंज तारेच्या घासणीने काढा. आता पातं नीट बघा. कापणाऱ्या पात्याची एकच बाजू उतरती असते. धारेचा दगड तिथेच, मूळच्या उतारावर, एकाच दिशेने फिरवा. मागच्या बाजूला बारीक कंगोरा येतो. ती बाजू दगडावर सपाट ठेवून एक-दोनदा हलकेच घासा, कंगोरा जातो. शेवटी स्क्रूपाशी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब.

कोयत्याला कानस चालते. विजेच्या चाकावर मात्र जपून! पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही.

रोगट झाड छाटलं की स्पिरिटने पातं पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नका.

आम्ही बँकवाले हिशेब रोजच्या रोज जुळवायचो. कात्रीचंही तसंच, वापरली की पुसून ठेवायची. बोथट कात्रीवर माळीदादांना जोर लावावा लागतो, ती निसटते नि हाताला लागते. २५ वर्षांची झाडं आणि माळीदादांचे हात, दोन्ही जपणं आपल्याकडे आहे.