तेलंगणातील लढा आणि लढणाऱ्यांतील फूट



वणीहून दक्षिणेला निघालो की पैनगंगा आडवी येते. आज पलीकडे तेलंगण राज्य आहे. १९४८ सालापर्यंत मात्र तिथून निजामाचा मुलूख सुरू होई. राजुराही तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. आपल्या उमरखेडला स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र मंडळींची छावणी होती, हे जुन्या घरांतून ऐकावयास मिळते. पण आज त्यांच्याविषयी बोलावयाचे नाही. त्याच राज्यात, पार दक्षिणेला नळगोंडा-वरंगळकडे, कम्युनिस्टांची दलमे लढत होती. त्यांच्यात फूट का पडली, ते सांगावयाचे आहे.

दलमातली माणसे म्हणजे बहुतेक शेतकरी आणि मजूर. 'देशमुख' म्हटले की आपल्याला आडनाव आठवते. तिकडचा देशमुख गावेच्या गावे राखून असे. विसनूरच्या देशमुखाची जमीन ४० हजार एकरांच्या घरात सांगतात. त्याच्या माणसांनी ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावी दोड्डी कोमरय्या या तरुणाला गोळी घातली आणि वेठबिगारीविरुद्धचे गाऱ्हाणे लढाईवर आले.

सुरुवातीला एकी होती, कारण समोर निजाम, रझाकार आणि देशमुख होते. पाचशे एकरांवरची जमीन तेवढी काढून घ्यावयाची, असे प्रथम ठरले. त्यामुळे शंभर-दोनशे एकरांचा धनीही संघमबरोबर राहू शकला. पुढे ही मर्यादा उतरत कोरडवाहू १०० आणि ओलिताची १० एकर इतकी खाली आली. शिक्षकबंधूंनी हे आकडे फळ्यावर लिहून दाखवावेत. फुटीचे निम्मे कारण त्यात आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदुस्थानचे सैन्य हैदराबादेत शिरले आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आता बंदुकीचे काय करायचे? रावी नारायण रेड्डी हे या लढ्याचे मोठे पुढारी, स्वतः जमीनदार घरातले. ते म्हणू लागले, निजाम गेला, सधन शेतकरी आपल्यापासून निघाला, लोक नव्या सरकारला आपले मानतात, लढाई थांबवा. सुंदरय्या आणि इतरांचे म्हणणे उलट : बंदूक खाली ठेवली की देशमुख परत येईल आणि वाटलेली जमीन हिसकावील. पळालेले देशमुख सैन्यामागोमाग परतू लागलेच होते. पहिल्याला भित्रा आणि दुसऱ्याला आततायी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही.

वरच्या पातळीवर निराळाच वाद चालला होता, आणि त्यात आपली मराठी माणसे पुढे. १९४८ साली बी. टी. रणदिवे पक्षाचे सरचिटणीस झाले. त्यांना रशियाचा मार्ग हवा होता : शहरातला कामगार, संप, उठाव. आंध्रची मंडळी म्हणत, आमचा मार्ग चीनचा, खेड्यातून जाणारा. रणदिव्यांनी १९४९ साली चक्क माओवर टीका केली! १९५० मध्ये ते पायउतार झाले आणि आंध्रचे राजेश्वर राव आले. तेव्हा डांगे, घाटे आणि अजय घोष यांनी त्यांच्याही धोरणाविरुद्ध लिहिले. अखेर १९५१ च्या आरंभी चौघे पुढारी मॉस्कोला गेले. स्टालिनने सांगितले ते साधे होते : चीनच्या लढणाऱ्यांच्या पाठीशी रशिया होता, तुमच्या पाठीशी तसे कोणी नाही.

हे वाद चालले असताना दलमे गोदावरीकाठच्या रानात मागे हटत होती. पक्षाच्या हिशेबाने ३ हजार गावांत १० लाख एकर जमीन वाटली गेली आणि ४ हजार माणसे मेली. वर्ध्याकडून पायी निघालेले विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी नळगोंड्यातील पोचमपल्लीस पोचले, तिथे रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केले आणि भूदान सुरू झाले. २१ ऑक्टोबरला पक्षाने लढा मागे घेतला. भीमरेड्डी नरसिंह रेड्डींसारख्या दलमातल्या पुढाऱ्यांना तो निर्णय मान्य नव्हता. लगेच आलेल्या निवडणुकीत रावी नारायण रेड्डींना नळगोंड्यातून नेहरूंहूनही अधिक मते पडली.

१९६४ साली पक्षच दुभंगला. रावी नारायण रेड्डी, राजेश्वर राव आणि डांगे एका पक्षात राहिले. एके काळी परस्परांचे न पटणारे सुंदरय्या आणि रणदिवे दुसऱ्या पक्षात एकत्र बसले. सुंदरय्यांनी १९७२ साली या लढ्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. रावी नारायण रेड्डींनी आपली बाजू निराळी मांडली आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचली, तर एकाच गावाची हकीकत वाचतो आहोत का, असे वाटू लागते.