संशोधन जनतेचे, औषध कोणाचे?

२०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण वाढले आणि अँफोटेरिसिन-बी हे नाव विदर्भात घरोघरी पोचले. या औषधाचे साधे रूप स्वस्त, पण मूत्रपिंडाला घातक. स्निग्ध कणांत गुंडाळलेले लायपोसोमल रूप त्या मानाने सौम्य आणि कित्येक पटींनी महाग. हे दुसरे रूप म्हणजे केवळ परदेशी कंपन्यांची करामत, हा समज खोटा आहे. दिल्ली विद्यापीठ व मुंबई महापालिकेचे केईएम रुग्णालय यांच्या सहकार्यातून देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन घडले, डॉ. नीलिमा क्षीरसागर व सहकाऱ्यांनी केईएममध्ये रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. प्रयोगशाळा सार्वजनिक, खाटा सार्वजनिक, आणि धोका पत्करणारेही महापालिकेच्या दवाखान्यातले रुग्ण! उत्पादन मात्र बाजाराच्या हवाली झाले.

त्याचा हिशेब २०२१ मध्ये चुकवावा लागला. वर्ध्याच्या खाजगी कारखान्यात अँफोटेरिसिनचे इमल्शन तयार होऊ लागले तेव्हा त्याचा भाव १,२०० रुपये जाहीर झाला; तोवर बाजारात कुपीला ७,००० रुपये पडत होते. जूनमध्ये जीएसटी परिषदेने कर शून्यावर आणला. हाती न लागणाऱ्या कुपीवर करमाफी!

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सार्वजनिक कारखान्यात बनलेली ही कुपी तेथील भांडारात बारमाही असावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी आता जिल्हा नियोजन समितीपुढे रेटावी.