अस्सलबरहुकूम नक्कल



ज्या माणसाची उमेदीची तीस वर्षे कचेरीच्या दप्तरखान्यात जुन्या कागदांच्या नकला करण्यात गेली, त्याने सेवानिवृत्तीनंतर आरंभकालीन लाकडी विमानांच्या प्रतिकृती करीत बसावे, हे ऐकून आपणांपैकी काहींना हसू येईल. आमच्या घरी तर ते पहिल्याच दिवशी आले. मेजावरच्या कामट्या, सरसाची वाटी आणि अर्धवट बांधलेला दुमजली सांगाडा पाहून शेजारचे वृद्ध सुतारकाका म्हणाले, "यंदा आकाशकंदील फार लवकर घेतलात करायला, रावसाहेब!" त्यांच्या बोलण्यात थट्टेपेक्षा सत्याचाच अंश अधिक होता, हे मला पुढे उमगले. कारण ती जुनी विमाने खरोखरच आकाशकंदिलाची भावंडे होत: आत काठ्यांचा हलका सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड, आणि या सगळ्या डोलाऱ्याला तोलून धरणाऱ्या तारा.

मी जे विमान हाती घेतले ते राइट बंधूंचे. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना प्रांतात, किटी हॉक गावाजवळच्या वाळवंटी किनाऱ्यावर, सायकलींचे दुकान चालविणाऱ्या या दोघा भावांनी जे यंत्र उडविले, त्याच्या पंखांचा विस्तार ४० फूट ४ इंच होता. अस्सलातील सोळा इंचांस नकलेतील एक इंच, असे प्रमाण मी धरले. तेव्हा माझ्या विमानाचा विस्तार सव्वातीस इंच झाला आणि त्यात पालथा पडलेला चालक चार-सव्वाचार इंचांचा. दिवाळीत आपली मुले मातीचा किल्ला करतात, त्यात हळिवाच्या हिरवळीतून वर चढणारा मावळा बुरुजाएवढा उंच असतो आणि गुहेतला वाघ त्या मावळ्यालाही भारी असतो. तरी कोणी तक्रार करीत नाही, कारण किल्ला हा भक्तीचा विषय आहे. प्रतिकृतीचे तसे नाही. तेथे एकदा ठरलेले प्रमाण हाच कायदा, आणि त्याची अंमलबजावणी खिळ्याच्या डोक्यापर्यंत करावी लागते.

परंतु या कायद्यात एक पेच आहे. लांबी-रुंदी सोळापटीने लहान करता येते, पण द्रव्याचा स्वभाव लहान करता येत नाही. मूळ यंत्र स्प्रूस आणि ॲश या लाकडांचे होते, म्हणून मीही ॲशचा एक तुकडा मोठ्या प्रयासाने मिळविला. तो तासून पंखाची बरगडी केली, तेव्हा त्या लाकडाची ठळक नस एवढ्याशा पट्टीवर अशी दिसू लागली, की जणू तुळईच उभी चिरली आहे. शेवटी सुतारकाकांनी आपल्या अडगळीतून हळदूचे जुने फळकूट काढून दिले. त्याची नस इतकी बारीक आणि एकसारखी, की डोळ्यांस ते स्प्रूसच वाटावे. कापडाचीही तीच कथा. राइट बंधूंनी 'प्राइड ऑफ द वेस्ट' या नावाने विकली जाणारी साधी मलमल वापरली होती. पण मलमल कितीही तलम असली तरी तिचा धागा माझ्या हुकमाने सोळापटीने बारीक होणार थोडाच! तेव्हा पातळ कागदाला फिकट चहाचे पाणी देऊन मी त्या कोऱ्या कापडाचा रंग साधला. द्रव्य बदलले ते अस्सलाचे रूप राहावे म्हणूनच. रूप बदलण्याची मुभा मात्र मला नव्हती.

त्या मलमलीविषयी एक गोष्ट आमच्या घरातील मंडळींनीच मला उलगडून दाखविली. कापडाचे धागे पंखाच्या बरगड्यांना काटकोनात न जाता ४५ अंशांनी तिरपे जातात, असे छायाचित्रांत आणि नकाशांत दिसे, आणि त्याचे कारण मला कळेना. नकाशावर एक दृष्टी टाकून सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे उरेब बेतलंय!" आणि चोळीच्या पट्टीचे उदाहरण देऊन त्यांनी मला उभ्याआडव्या आणि तिरप्या ताणातला भेद समजावून सांगितला. वैमानिक शास्त्राच्या ग्रंथांतही मग तेच आढळले: तिरपा जाणारा प्रत्येक धागा हा पंखाच्या चौकटीला आवळणारी जणू एकेक सूक्ष्म तारच होता, आणि त्यामुळे वजन न वाढता पंखाला बळकटी येत होती.

आता माझ्या प्रमादाची हकीगत सांगतो. नकाशावरून मापे घेताना मला असे आढळले, की उजवीकडचे वरचे आणि खालचे दोन्ही पंख डावीकडच्या पंखांहून पाव इंच लांब भरतात. तीस वर्षे नकला केलेल्या माणसाने येथे थबकावयास हवे होते. परंतु यंत्र म्हटले की ते दोन्ही बाजूंनी सारखेच असणार, या समजुतीने मी तो नकाशाकाराचा हलगर्जीपणा ठरविला, दोन्ही उजव्या पंखांची टोके करवतीने उडविली, आणि आपण एका विद्वानाची चूक दुरुस्त केली, या आनंदात दोन महिने काम पुढे चालविले. मग एके दिवशी वाचनात आले, की त्या विमानात चालक मध्यरेषेच्या डावीकडे पालथा पडत असे आणि चार सिलिंडरांचे, सुमारे बारा अश्वशक्तीचे इंजिन उजवीकडे बसविले होते. इंजिन चालकाहून सुमारे ३४ पौंड जड होते, आणि तो जादा भार उचलता यावा म्हणून राइट बंधूंनी उजवे पंख जाणूनबुजून चार इंच लांब ठेवले होते. चार इंचांचा सोळावा भाग पाव इंच! मी जी चूक म्हणून कापून टाकली, ती त्या दोघा भावांची अक्कल होती. दोन्ही पंख मला मुळापासून नव्याने बांधावे लागले.

दप्तरखान्यात आमचा नियम असा असे, की अस्सलात शब्द अशुद्ध असेल तर नकलेतही तो तसाच अशुद्ध उतरवावयाचा, खाडाखोड असेल तर खाडाखोडीचीही नोंद घ्यावयाची, आणि मगच खाली 'अस्सलबरहुकूम नक्कल' असा शेरा मारून सही करावयाची. कारण नक्कल करणाऱ्यास दुरुस्तीचा अधिकार नसतो. तो अधिकार त्याने एकदा बळकावला, की पुढे कज्जे उभे राहतात. असा कज्जा या विमानाच्या इतिहासातही झाला आहे. प्राध्यापक लँग्ली यांचे 'एरोड्रोम' नावाचे यंत्र, राइट बंधू उडाले त्याच्या अवघे नऊ दिवस आधी, दुसऱ्यांदा नदीत कोसळले होते. १९१४ साली त्यात पुष्कळ फेरफार करून ते अल्पकाळ उडविण्यात आले. आणि वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेने ते माणसाला घेऊन उडू शकेल असे पहिले यंत्र म्हणून मांडले. फेरफार केलेली वस्तू अस्सल म्हणून दाखविली, ही ऑर्व्हिल राइट यांची कैफियत होती. तिची दाद लागेना, तेव्हा १९२८ साली त्यांनी आपले विमान लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये पाठवून दिले. १९४२ साली संस्थेने आपले म्हणणे मागे घेतले. विमान १९४८ साली मायदेशी परतले, पण ते पाहावयास ऑर्व्हिल हयात नव्हते.

विमान पुरे झाले, तरी काम पुरे होत नाही. नुसते विमान काचेच्या पेटीत ठेवले, तर ते टाचणी टोचलेल्या फुलपाखरासारखे दिसते; त्याच्या भोवतीची जमीन, माणसे आणि घटका उभी केली, म्हणजे त्याचा देखावा होतो. मी तो देखावा एका छायाचित्रावरून केला. ऑर्व्हिल यांनी तिवईवर कॅमेरा लावून ठेवला होता, आणि जवळच्या जीवरक्षक ठाण्यावरील जॉन डॅनियल्स यांनी त्याचा रबरी गोळा दाबला. विमान नुकतेच रुळावरून उचलले गेले आहे, ऑर्व्हिल पालथे पडले आहेत, उजव्या पंखाशेजारी त्यांचे बंधू विल्बर हात सोडून पावलागणिक मागे पडत आहेत. वाळूत पावलांचे ठसे आहेत, पंख टेकविण्याचे बाक आहे, फावडे आहे. खरी वाळू या प्रमाणात खडीसारखी दिसते, म्हणून मी रांगोळी वस्त्रगाळ करून घेतली आणि तीत थोडी पिवळी माती मिसळली. इतर साक्षीदारांच्या मूर्ती मी केल्या नाहीत, कारण त्या चित्रात नाहीत. आणि डॅनियल्स यांचीही केली नाही, कारण देखाव्यासमोर जो कोणी उभा राहतो, तो त्यांच्याच जागी उभा असतो.

ते पहिले उड्डाण बारा सेकंद चालले आणि १२० फूट झाले. माझ्या प्रमाणात ते साडेसात फूट भरते. म्हणजे आमच्या पडवीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतही नाही. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंदांचे, ८५२ फुटांचे. ते पडवीतून निघून, अंगण ओलांडून विहिरीपाशी पोहोचते. त्यानंतर वाऱ्याच्या झोताने ते विमान उलथले आणि पुन्हा कधी उडाले नाही.

आपल्या देशातही अशा देखाव्याचा विषय आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादच्या प्रदर्शनातून हंबर विमानात सुमारे साडेसहा हजार पत्रे घालून ती यमुनेपलीकडे नैनीस नेली. विमानाने टपाल नेण्याचा तो जगातील पहिला सरकारी उपक्रम. तेही काठ्या, कापड आणि तारा यांचेच यंत्र. हे भाषण ऐकणाऱ्या एखाद्या तरुणाने त्याची प्रतिकृती करावयास घ्यावी, अशी माझी विनंती आहे. लाकूड बारीक नसेचे निवडावे, सरस ताजा असावा, आणि नकाशात कोठे पाव इंच अधिक आढळला, तर करवत खाली ठेवून आधी त्याचे कारण शोधावे.