‘तू’ की ‘तुम्ही’?

आज एकच कविता घेऊन आलो आहे. सोळा ओळींची. थिओडोर रेट्की या अमेरिकन कवीची ‘माय पापाज वॉल्ट्झ’, १९४२ साली पहिल्यांदा छापली गेलेली.

प्रसंग साधा. दारू प्यालेला बाप स्वयंपाकघरात लहान मुलाला धरून नाचतो आहे. फळीवरची भांडी घसरताहेत. आईच्या कपाळावरची आठी जात नाही. बापाचं पाऊल चुकलं की मुलाचा कान त्याच्या पट्ट्याच्या बकलावर घासतो. म्हणजे हे पोर बापाच्या कमरेइतकंच आहे, हे कवीनं वय न सांगता सांगितलं. शेवटी बाप त्याला नाचवतच झोपायला नेतो, आणि मुलानं त्याचा शर्ट अजून सोडलेला नाही.

अमेरिकेत ही कविता शिकवताना वर्गात हमखास दोन तट पडतात. हा लाड आहे की मार? एका तटाला नाच दिसतो, दुसऱ्याला दारू आणि बक्कल. मला वाटतं, असा निवाडा मागणंच चूक आहे. कवितेतलं एकच क्रियापद पाहा. बाप मुलाच्या डोक्यावर ताल धरतो, तिथं मूळ इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थ ताल धरणं असाही होतो आणि मारणं असाही. मराठीत ‘ठोका’ त्याच्या जवळ जातो. काळजाचाही ठोका असतो, आणि पोराला ठोकूनही काढतात. कवीला दुसरा शब्द सहज मिळाला असता. त्यानं हाच घेतला.

छंदही तसाच. वॉल्ट्झ तीन मात्रांचा नाच, आणि ओळीत आघातही तीन. दादरा ऐकलेल्या कानाला हा हेलकावा लगेच ओळखू येईल. पण काही ओळींच्या शेवटी एक हलकं अक्षर जास्तीचं आहे, तिथं लय किंचित लडखडते. प्यालेल्या माणसाचं पाऊल पडतं, तशी.

आणि तो हात! एक बोट सांध्यावर दुखावलेलं, तळव्यावर माती घट्ट बसलेली. ही माती कुठली, ते आपल्याला माहीत आहे. रेट्कीचे वडील ऑटो यांची मिशिगन राज्यातल्या सॅगिनॉ गावी काचेची हरितगृहं होती, ते फुलं पिकवायचे. बोट कशानं दुखावलं, हे कविता सांगत नाही. कामानं, की कुणावर उगारल्यानं? ती जागा मोकळी ठेवली आहे आणि ती मोकळीच राहू द्यावी. ऑटो १९२३ साली कर्करोगानं गेले, तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता. मुलाच्या घट्ट धरण्याला कवितेत मरणाची उपमा आहे. हे ठाऊक असलं की ती उपमा वाचताना घसा दाटतो.

म्हणजे कविता छापली गेली तेव्हा वडिलांना जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. आणि तरी ती त्यांच्याशीच बोलते. आपल्याशी नाही. त्यात साक्ष नाही, फिर्याद नाही. हे संबोधन आहे.

इथंच माझा अनुवाद अडला. इंग्रजीला एकच सर्वनाम पुरतं. आपल्याला ठरवावं लागतं, ‘तू’ की ‘तुम्ही’? पहिला मसुदा ‘तुम्ही’चा केला. आमच्या घरात आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’, तुमच्यापैकी अनेकांकडे असंच असेल. पण ‘तुम्ही’ म्हणताच मुलगा बापापासून हातभर लांब उभा राहिला. त्या अंतरावरून कुणाचा कान बकलाला लागत नाही. ‘तू’ लिहिलं तेव्हा भीती वाटली की आता सगळं लाडिक होईल. तसं झालं नाही. कारण आपलं ‘तू’ दोन्हीकडे चालतं. विठ्ठलाला आपण ‘तू’च म्हणतो, आणि भांडण विकोपाला गेलं की ‘अहो’वरून ‘अरे’वर येतो. माया आणि संताप, दोन्ही त्या एका अक्षरात मावतात.

माझ्या वडिलांना मी जन्मभर ‘तुम्ही’ म्हणालो. त्यांच्या हाताची भीती वाटायची, आणि त्याच हाताचं बोट धरून मी जत्रा पाहिली. ते गेल्यावर मनातल्या मनात त्यांच्याशी बोलताना कधी ‘तू’ म्हणायला लागलो, मलाच कळलं नाही. मसुद्याच्या शेवटच्या ओळीत आता ‘तुझा शर्ट’ आहे.