अनामत आणि झीज

मी केळापूर तालुक्यांतील पांढरकवड्याचा रहिवासी. आमच्याकडील पुष्कळ मुलें शिक्षणासाठीं नागपुरास खोली घेऊन राहतात. खोली घेतांना अनामत द्यावीच लागते. ती परत घेतांना काय घडतें, तेवढेंच आज सांगावयाचें आहे.

गेल्या उन्हाळ्यांत माझ्या भाच्यानें दोन वर्षांनंतर खोली सोडली. अनामत १२,००० रुपयांची होती. घरमालकांनीं भिंतींच्या रंगाचे ५,००० आणि ‘इतर दुरुस्ती’चे २,००० कापून घेतले. भाचा म्हणाला, “मामा, जाऊं द्या; भांडण नको.” मी म्हणालों, “भांडूं नकोस, हिशेब माग. पण आधीं सांग, तुझ्या हातून काय मोडलें?” खिडकीची एक कांच फुटल्याचें त्यानें कबूल केलें.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें १०८ वें कलम सांगतें कीं, भाडेकरूनें जागा घेतली तशी परत करावी. मात्र वाजवी वापरानें होणारी झीज त्यांतून वगळलेली आहे. रंग फिका पडणें ही झीज; कांच फुटणें ही हानि. ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार असल्यास प्रथम त्यांतील शब्द पाहावेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें करार लेखी व नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं राहणाराचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें.

भाच्यानें पत्र लिहिलें. त्यांत कांचेचे ४०० रुपये आपणहून मान्य केले आणि बाकीच्या रकमेचीं बिलें मागितलीं. ‘इतर दुरुस्ती’चें बिल नव्हतें, त्यांतले १,६०० परत आले. रंगाचे मात्र निम्मेच, म्हणजे २,५००, मिळाले. कारण खोली घेतली तेव्हां भिंती कशा होत्या, याचा पुरावा आमच्यापाशीं नव्हता. ती चूक आमचीच.

म्हणून पालकांना माझी विनंति आहे. अनामतीची पावती मागण्यांत संकोच कसला? पहिल्याच दिवशीं भिंती, फरशी, नळ व खिडक्या यांचीं छायाचित्रें मोबाइलवर घ्यावीं. सामानाची यादी करून तीवर उभयतांच्या सह्या घ्याव्या. किल्ली परत देतांना तीच यादी पुन्हां वाचावी. असें केल्यास घरमालकावरही खोटा आळ येत नाहीं, आणि मुलगाही आपली चूक कबूल करावयास शिकतो.