आधी पाणी मागावे



या व्यासपीठावरून मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. मी आठवीनंतर शाळा सोडलेला माणूस. कारखान्यात यंत्रावर उभा राहिलो, पुढे युनियनचे काम अंगावर आले, आणि खरे वाचायला शिकलो ते कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. तेव्हा माझ्याकडून पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. मी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरात जन्मलो आणि आज मनापासून ख्रिस्ती आहे. आपल्यापैकी बहुतेकजण नाहीत. आपली श्रद्धा दुसऱ्याला कशी सांगावी, हा आजचा विषय. तो निघाला की सभेत खुर्च्या सरकू लागतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

वय बावीस. खिशात नेहमी शुभवर्तमानाच्या पुस्तिका. माझ्याच पाळीला एक वारकरी मित्र होता. जेवणाच्या सुट्टीत तो डबा पुढे करी आणि मी पुस्तिका पुढे करी. त्याची भाकरी मी खाल्ली, पण त्याच्या विठोबाविषयी एक शब्द कधी विचारला नाही. एके दिवशी प्रेसमध्ये त्याची दोन बोटे गेली. मी रुग्णालयात गेलो, खाटेशी बसलो आणि पुस्तिका काढून वाचू लागलो. त्याच्या बायकोने थोडा वेळ ऐकले आणि म्हणाली, "भाऊजी, ते पुस्तक ठेवा तिथं. भरपाईचा अर्ज कुठं करायचा, तेवढं सांगा."

मित्रहो, मी युनियनचा माणूस. तो अर्ज कुठे करायचा हे त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होते, आणि तेवढेच मी सांगितले नव्हते! त्या रात्री पुस्तिका ट्रंकेत गेल्या. दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिला. प्रकरण चौदा महिने चालले. तेवढे महिने मी त्या घरी जात होतो, चहा पीत होतो, ऐकत होतो.

त्या दिवसांत योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय मी पुन्हा वाचला. भर दुपारी येशू दमून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी माणूस शोमरोन्याशी भांड्याचा व्यवहार ठेवीत नसे. आता, सांगण्यासारखे ज्याच्यापाशी पुष्कळ आहे, तो पहिले वाक्य काय बोलतो? उपदेश नाही. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो! महाराष्ट्रात, जिथे पाणवठ्यावरून माणसाची किंमत ठरत आली, तिथे याचा अर्थ फोड करून सांगायला नको. आधी तो तिच्या हातचे घ्यायला तयार झाला. मोठे बोलणे मागाहून आले.

आपल्या मराठीतले उदाहरण घ्या. 1893 साली नारायण वामन टिळक राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. त्याने सौजन्याने वागवले, काव्याविषयी बोलणे झाले, आणि उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हाती दिली. वाद नाही, खंडन नाही. टिळकांनी भिडेखातर वाचायचे कबूल केले, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही तुकोबांचे बोट त्यांनी सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत.

पण माझ्या मते खरी कसोटी घरात होती. लक्ष्मीबाईंवर तर आभाळ कोसळले. कित्येक वर्षे त्या दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळाच ठेवला. टिळक तापट होते, पण या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. जातिभेद माणसाने केलेला आहे, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच विचाराने उमगले, आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली नसतील, त्यांनी अवश्य वाचावी. प्रेम म्हणजे वाट पाहणे, हे त्यात कुठेही न सांगता सांगितले आहे.

आता कडू गोष्ट. "तुमचे आजे-पणजे गव्हासाठी बाटले," हे मी लहानपणापासून ऐकले आहे. 1876 ते 78 च्या दुष्काळानंतर नगर भागात मिशनची संख्या वाढली, हे खरे आहे. भुकेल्या माणसाला भाकरी देताना दुसऱ्या हातात नोंदवही धरू नये, हे मी माझ्या ख्रिस्ती बांधवांना स्पष्ट सांगतो. युनियनमध्येसुद्धा, आधी वर्गणी आणि मग तक्रार, असे म्हणणारा पुढारी टिकत नाही. पण टोमणा मारणाऱ्यांनाही एक विचारतो. गहू देणाऱ्याने त्यांना शेजारी बसवून घेतले. तुमच्या गावाने बसवले होते काय?

श्रद्धेला पावतीपुस्तक नसते. 1917 साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. त्या माणसाने पावतीपुस्तक फाडूनच टाकले!

आणि भाषा साधी हवी. पंडिता रमाबाई संस्कृतच्या केवढ्या विदुषी! पण केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल उतरवले ते साध्या मराठीत, सामान्य बायांना कळेल असे. त्या 1922 साली गेल्या आणि ग्रंथ 1924 साली निघाला. कळलेच नाही, तर प्रेम पोचणार कसे?

शेवटी माझ्या मित्राचे सांगतो. भरपाई मिळाली त्या संध्याकाळी त्याने विचारले, "तू एवढ्या खेपा का घातल्यास? युनियन एवढं करत नाही." त्याने विचारले तेव्हा मी बोललो. म्हणालो, "मी चुकलेला माणूस आहे. येशूने मला टाकले नाही, असे मला वाटते. म्हणून मलाही कोणाला टाकता येत नाही." एवढेच. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "ऐकून बरं वाटलं." त्या आषाढात तो नेहमीप्रमाणे पंढरीला गेला आणि येताना माझ्यासाठी बुक्का आणि चुरमुऱ्यांचा प्रसाद घेऊन आला. तो आजही वारकरी आहे, मी आजही ख्रिस्ती आहे.

कोणी विचारतात, मग तुमच्या सांगण्याचे फळ काय? मी म्हणतो, बावीस वर्षांचा मी त्याच्याशी बोलत होतो, तेव्हा त्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. त्या संध्याकाळी पहिला प्रश्न त्याने विचारला. फळ कधी धरायचे, ते देव पाहील. माझे काम विहिरीवर बसण्याचे, आणि लाज न बाळगता पाणी मागण्याचे.