साथीची भीती आणि शेजाऱ्याचे कर्तव्य

(सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वकिलाने रोगावर काय बोलावे, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. रोगाचे औषध डॉक्टरनेच सांगावे, हे मला मान्य आहे. परंतु साथ आली म्हणजे रोगाबरोबर भीतीही गावात शिरते. आणि भीतीच्या भरात माणसे शेजाऱ्याशी जी वागणूक करतात तिचा निवाडा शेवटी कचेरीत आणि कोर्टात येतो. त्या वागणुकीबद्दलच मला आज आपणांशी बोलावयाचे आहे.

२०२० सालचा मार्च महिना आठवा. वाळवे तालुक्याचे जे गाव तेव्हा इस्लामपूर म्हणून ओळखले जाई, आणि ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय २०२५ साली झाला, तेथे २३ मार्च रोजी एकाच कुटुंबातील चार माणसांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. ही मंडळी सौदी अरेबियाहून परतली होती. आठवड्याभरात त्या कुटुंबातील व त्याच्या निकटच्या माणसांतील रुग्णांचा आकडा पंचवीसच्या घरात गेला. सांगली जिल्ह्याचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आले. त्या कुटुंबाविषयी घरोघरी व मोबाईलवर काय काय बोलले गेले, त्याचा पुनरुच्चार मी करीत नाही. आपण ते ऐकले आहे. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत त्यांतील बहुतेक माणसे बरी झाली. संपर्कात आलेली माणसे शोधून वेगळी ठेवली गेली, परिसर बंद केला गेला, आणि साखळी तुटली. आता विचार करा, संपर्कातील माणसे शोधावयाची तर कोण कोणाला भेटले, कोणाच्या घरी जेवले, हे कोणी सांगावयाचे? ते रोग्यानेच सांगावयाचे. आणि ज्याला नाव उघड होताच आपले घर वाळीत पडेल अशी धास्ती असते, तो तोंड कशाला उघडील?

सव्वाशे वर्षांपूर्वी नेमके हेच घडले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला व तेथून तो पुण्याकडे आणि आपल्या सातारा, कऱ्हाडकडे सरकला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगांचा कायदा केला. कायदा अवघा चार कलमांचा. सरकारला वाटेल तो हुकूम काढण्याचा अधिकार, हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा, आणि सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्यास दाव्यापासून अभय. रोग्याला अन्न कोणी द्यावे, त्याच्या मुलांकडे कोणी पाहावे, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते. पुण्यात ह्या कायद्याचा अंमल वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती आला. हे गृहस्थ त्यापूर्वी साताऱ्यासच असिस्टंट कलेक्टर होते. घरोघर शिपाई घुसवून झडत्या घेतल्या गेल्या, माणसे ओढून नेली गेली, सामानसुमान जाळले गेले. परिणाम काय झाला? लोकांनी आजारी माणसे लपविली आणि प्रेतेही लपविली. इस्पितळात माणसाची मोमियाई काढतात, अशी अफवा त्या वेळी मुंबईत पसरली होती. २०२० साली दवाखान्यात किडन्या काढून घेतात म्हणून कुजबुज चालली होतीच ना? अफवा नवी नसते, फक्त अवयवाचे नाव बदलते.

त्याच प्लेगात दुसरे एक वर्तन घडले आणि ते आपल्या जिल्ह्याच्या लेकीचे होते. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी आपले चिरंजीव डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतःच्या पाठीवरून तेथे आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सर्वांनी असे मरण पत्करावे असे मी म्हणत नाही. आज हातमोजे आहेत, मुखपट्टी आहे, लस आहे, आणि ती वापरणे हा शहाणपणा आहे. मला दाखवावयाचे आहे ते एवढेच की, रँडसाहेबांच्या झडतीपासून रोगी पळत होता आणि सावित्रीबाईंकडे तो येत होता.

आता अंतराविषयी बोलतो, कारण आपल्या समाजाला हा शब्द ऐकताच अंगावर काटा येतो, आणि तो येणे स्वाभाविक आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना सावलीपुरतेही जवळ येऊ दिले जात नव्हते, त्यांना सरकारने ‘दूर उभे राहा’ म्हणून सांगावे, हे ऐकावयास विचित्रच वाटले. परंतु दोहोंत भेद आहे आणि तो प्रत्येकाने समजून घेतला पाहिजे. रोगासाठी ठेवावयाच्या अंतराला कारण असते, ते श्रीमंत-गरीब सर्वांना सारखे लागू असते, आणि त्याला मुदत असते. अस्पृश्यतेला यांपैकी काहीच नसते. ती जन्माबरोबर येते आणि मेल्यावरही स्मशानापर्यंत पाठ सोडीत नाही. म्हणून वेगळे राहण्याचा हुकूम आला की वकिलाच्या नजरेने तीन गोष्टी पाहाव्यात: तो अधिकार असलेल्या अंमलदाराने काढला आहे काय, सर्वांना सारखा आहे काय, आणि त्यात दिवस मोजले आहेत काय.

२०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रातील कित्येक गावांनी आपल्या वेशीवर काट्या व दगड टाकले, रस्ते खणले. मे महिन्यात मुंबईची माणसे गावी परतू लागली. आपल्या सातारा जिल्ह्यातील डोंगरी तालुक्यांची तरुण पोरे मुंबईत माथाडी कामावर, खानापूर-आटपाडीची सोने-चांदी गलाईच्या धंद्यात देशभर. वर्षानुवर्षे ह्यांच्याच मनिऑर्डरींवर गावची घरे उभी राहिली, आणि ‘मुंबईकर’ हा शब्द एका आठवड्यात शिवीसारखा झाला!

त्या दिवसांतील एक प्रकरण माझ्याकडे आले होते. गावाचे नाव घेत नाही. एक बौद्ध कुटुंब मुंबईहून आले, गावच्या शाळेत चौदा दिवस निमूटपणे राहिले, कोणालाही ताप नाही की खोकला नाही. चौदा दिवस संपले. परंतु सार्वजनिक नळावर त्यांना येऊ दिले जाईना, आणि दुकानदार माल देईना. इतर आळ्यांतही मुंबईहून माणसे आली होती. त्यांचे दिवस मात्र बरोबर चौदाच भरले. त्या घरातील बाईंनी मला विचारले, “वकीलसाहेब, आमचे चौदा दिवस नेमके कधी संपणार?” आम्ही तहसीलदारांकडे लेखी अर्ज दिला, त्यात तारखा घातल्या, शाळेत राहिल्याचा दाखला जोडला. अधिकारी गावात जाऊन आले आणि नळ खुला झाला.

दुसरी हकीकत सांगताना मला अधिक जड जाते, कारण ती आपल्याच वस्तीतील आहे. एका नगरपालिकेचा सफाई कामगार, आपल्यातलाच, साथीत मृतदेह स्मशानात पोहोचविण्याच्या कामावर होता. सख्खे मुलगे प्रेताजवळ जात नव्हते तेव्हा हा जात होता. ह्या इसमाने घरी येऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी बजावले, त्याच्या मुलांना नळावरून परत पाठविले, आणि त्याने कित्येक रात्री कामाच्या ठिकाणीच काढल्या. हे बजावणाऱ्यांच्या घरांत बाबासाहेबांची तसबीर होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर जे चालत गेले, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याच्या मुलांना पाण्यापासून अडवावे? भगवान बुद्धांनी अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतः धुतले, ही कथा विनयपिटकात आहे. इतर भिक्खूंनी त्याला टाकले होते, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. धम्मदीक्षा घेतलेल्या घराने ही कथा मुलांना सांगावी, आणि सांगताना त्या सफाई कामगाराकडे पाहावे.

मृतदेहाच्या भीतीबद्दल कोर्टाने काय म्हटले तेही ऐका. मुंबईत वांद्र्याच्या दफनभूमीत कोरोनाने मृत झालेल्यांना पुरू नये म्हणून काही रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले. २२ मे २०२० रोजी न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली. प्रेतापासून असा संसर्ग होतो याला शास्त्रीय आधार नाही, आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील हक्काचाच भाग आहे, असा त्याचा आशय. त्याच वर्षी २१ ऑगस्टला औरंगाबाद खंडपीठाने दिल्लीच्या मरकजला आलेल्या परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आले असावे, असे मत नोंदविले. साथ आली की माणसे बकरा शोधतात. शतकानुशतके ज्यांना बकरा केले गेले त्यांनी तरी हा शोध ओळखला पाहिजे.

वकिलाला कलमे सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, थोडक्यात सांगतो. रोग लपवून निष्काळजीपणे तो पसरविणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो दंडविधानाच्या २६९ व २७० कलमांखाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २७१ व २७२ कलमांखाली आहे. शिक्षा अनुक्रमे सहा महिने व दोन वर्षांपर्यंत. तेव्हा ‘आम्हांला वाळीत टाकतील म्हणून आम्ही ताप लपविला’ ही सबब कोर्टात चालणार नाही. परंतु वाळीत टाकणाऱ्याचीही सुटका नाही. आपल्याच समाजातील माणसाला बहिष्कृत करणाऱ्यास महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जो २०१७ पासून अंमलात आला, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो. इतरांनी आपणांवर बहिष्कार घातला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. धर्मांतरामुळे हे संरक्षण गेले, असा समज अजून काही घरांत आहे. तो चुकीचा आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींत धरले आहे. आणि १८९७ च्या त्या जुन्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती होऊन डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेवकांवर हात टाकणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा आली. दुरुस्ती योग्यच होती. रोग्याच्या हक्कांविषयी मात्र ह्याही खेपेस त्या कायद्यात काही लिहिले गेले नाही, याची खंत वाटते.

कोरोनाने महाराष्ट्रात अधिकृत नोंदीप्रमाणे १ लाख ४८ हजारांवर माणसे दगावली. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर राज्यात इतरत्र लाट ओसरत असताना सातारा, सांगली व कोल्हापूर येथे ती रेंगाळली, हे आपण भोगले आहे. पुन्हा साथ येईल तेव्हा प्रत्येक वस्तीने आधीच ठरवावे की आजारी घराच्या दारात पाण्याची घागर व शिधा कोण ठेवील, दवाखान्यात कोण नेईल, आणि सफाई कामगाराच्या मुलांना कोण सांभाळील. नावे लिहून काढा. ज्याच्यावर अन्याय होईल त्याने तारीख, वेळ, जागा व साक्षीदार टिपून ठेवावे, तहसीलदारांस व पोलीस ठाण्यास लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. वकिलाच्या फीची चिंता करू नये. १९८७ च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जातींच्या माणसांना व सर्व स्त्रियांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, आणि ही समिती तालुक्याच्या कोर्टातही असते. अर्जाचा नमुना मी लिहून आणला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी सभा संपल्यावर थांबावे.

जय भीम.